मागची खुर्ची

एकदा एक शिष्य आपल्या वस्तादांच्या दारात तणतणत येऊन उभा राहिला. केरबा त्याचे नाव. गाड्या खोलण्या-जोडण्याची सारी विद्या त्याने या म्हाताऱ्या वस्तादांच्या गॅरेजात मिळवली होती. त्या दिवशी मात्र नमस्कार नाही, चमत्कार नाही; चपला न काढताच तो आत शिरला.

"वस्ताद, बास झालं आता! ज्याच्यासाठी मी रक्ताचं पाणी केलं, त्यानं भर पूजेत माझ्या तोंडाला काळं फासलं. उद्या ती गाडी भंगारात घालतो, आणि त्यालाही सांगतो, पड तिथंच खाटेवर!"

हा ‘तो’ म्हणजे केरबाचा थोरला भाऊ सर्जेराव. उमेदीची सगळी वर्षे ट्रक चालवलेला गडी. घाटात ट्रक उलटला आणि त्याच्या पायांतले बळ कायमचे गेले. तेव्हापासून त्याचे एकच मागणे होते, ‘मला बाहेर जायचंय.’ केरबाने ते मनावर घेतले. जुन्या मोटारसायकलचे इंजिन, रिक्षाची मागची दोन चाके आणि स्वतः वाकवलेले लोखंडी पाइप जोडून त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीनचाकी मोटारसायकल उभी केली. पुढे आपल्यासाठी सीट आणि हँडल, मागे दादासाठी गुबगुबीत खुर्ची. दादा घसरू नये म्हणून कमरेला पट्टा, आणि त्याने तो उगाच सोडू नये म्हणून बक्कल पाठीमागे. ट्रक चालवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एवढे कळू नये? ट्रक चालवणारा एकवेळ पायी जाईल, पण दुसऱ्याच्या मागे बसायचे म्हटले की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. केरबाला हे ठाऊक होते. पण प्रेमाचा उमाळा आला की माणसाला ठाऊक असलेलेही दिसेनासे होते, आणि अशा आंधळ्या प्रेमाचा खरोखर संताप येतो.

खंडेनवमीला गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. केरबाने दादाला उचलून खुर्चीत बसवले, पट्टा आवळला आणि फोडायला नारळ हातात दिला. सर्जेरावाने पुढच्या हँडलकडे पाहिले. मग त्याने तो नारळ पेट्रोलच्या टाकीवर असा भिरकावला, की जमलेल्या आळीदेखत टाकीला पोचा पडला.

"एक अक्षर बोलला नाही, वस्ताद! नुसता भिरकावला!"

वस्तादांनी सगळे ऐकून घेतले. मग ते उठले. "चल, गाडी दाखव."

शेडमध्ये येऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि केरबाला म्हणाले, "खुर्चीत बस."

"मी?"

"मग काय तुझा आजा? बस म्हटलं ना!"

केरबा बसला. वस्तादांनी पट्टा आवळून मागे बक्कल लावले, पुढे बसून गाडी सुरू केली आणि काही न सांगता थेट शेजारच्या गावच्या बाजारात नेली. तिथे केरबाला कोणी ओळखत नव्हते. चहावाल्याने खुर्चीकडे पाहिले आणि वस्तादांना विचारले, "पोरगं का तुमचं? चहा पितं का ते?"

"देऊ नका त्याला. मग मध्येच उतरवावं लागतं."

"अहो, मला पाहिजे चहा!" केरबा म्हणाला. चहावाल्याने वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी मान हलवली. चहा आला नाही.

मग वस्तादांनी गाडी भर उन्हात लावली आणि ते न्हाव्याच्या दुकानात निवांत दाढी करायला बसले. केरबाने हाका मारल्या. मागे हात घालून पाहिला, बक्कल हाताला लागेना. घाम डोळ्यांत उतरला. जाणारी येणारी माणसे थांबून त्याला न्याहाळत आणि आपसांत हळहळत पुढे जात. एका बाईने त्याच्या मांडीवर केळे ठेवले, हात जोडले आणि म्हणाली, "देवाची करणी, दुसरं काय!"

वस्ताद गालावरून हात फिरवीत बाहेर आले. केरबाने ते केळे उचलून जिवाच्या आकांताने त्यांच्या अंगावर फेकले. "सोडा मला! मी काय पोतं आहे? वाटेल तिथं न्यायचं, वाटेल तिथं टाकायचं?"

वस्तादांनी सदऱ्यावरचा गर झटकला. "केळं हलकं म्हणून वाचलो. तुझ्या भावाच्या हातात नारळ होता."

केरबाची नजर पुढच्या हँडलकडे गेली.

"ऐक आता," वस्ताद कडाडले. त्यांचा आवाज असा चढलेला केरबाने कधी ऐकला नव्हता. "त्याला जायचं होतं; तुला त्याला फिरवायचं होतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्याच्या पायांतलं बळ अपघातानं नेलं, त्याची मर्जी मात्र शाबूत होती. ती तू नेलीस, वर हार घालून पूजा केलीस, आणि त्यानं हात जोडावेत अशी अपेक्षा धरलीस! शरम वाटू दे जराशी!"

"पण तो पुन्हा पडला तर?" केरबा ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "त्या दिवशी दरीतून त्याला वर काढणारा मी होतो, वस्ताद. तुम्ही नव्हता!"

"पडेलही," वस्ताद म्हणाले. "ही भीती तुझी आहे. ती तू सोस. त्याच्या कमरेला बांधू नकोस." आणि त्यांनी बक्कल सोडले.

घरी येऊन केरबा भावाच्या खाटेजवळ उभा राहिला. "दादा, गाडी कशी पाहिजे तुला?"

"इतके दिवस विचारायला तुझी जीभ झडली होती का रे?" सर्जेराव गरजला, आणि मग खाटेवरूनच हुकूम सुटू लागले. सीट खाली घे, मला माझं मला सरकता आलं पाहिजे. गिअर हाताशी आण. ब्रेक असा कुठे लावतात, गाढवा? प्रत्येक जोडावर दोघे कडाकडा भांडले. खुर्ची कापून टाकली. एकट्यापुरती सीट तेवढी उरली.

पहिल्या दिवशी सर्जेराव आपला आपण सरकून हँडलमागे बसला. केरबाने मागच्या पाइपवर पाय ठेवला.

"उतर," सर्जेराव म्हणाला.

"कुठे निघालास ते तरी सांग!"

गाडी फाटकाबाहेर पडून वळणाआड गेली. केरबा दिवसभर फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिला. भावाला, वस्तादांना आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या मोजत राहिला, पण शोधायला गेला नाही.

दिवेलागणीला गाडी परतली. एक मडगार्ड चेपले होते, सर्जेरावाचे कोपर खरचटले होते, आणि चेहऱ्यावर धुळीचा थर होता. केरबाने चेपलेल्या मडगार्डवरून हात फिरवला.

"पुढच्या चाकात हवा कमी आहे," सर्जेराव म्हणाला. "भरून ठेव. सकाळी लवकर निघायचंय मला."

केरबा पंप आणायला आत गेला.