खोडलेली ओळ

एकदा एका वृद्ध वकिलांकडे त्यांची शिष्या तक्रार घेऊन आली. कुटुंबातली भांडणे कोर्टात न लढता, दोन्ही पक्षांनी आपापल्या वकिलांसह एकत्र बसून सोडवायची, या पद्धतीवरचे पुस्तक ती शोधत होती. मिळाली ती सारी परदेशातली. त्यात आपल्याकडच्या सासवा कुठे भेटणार, असे तिचे म्हणणे.

वकील हसले. म्हणाले, "गुरुवारी माझ्याशेजारी येऊन बस."

गुरुवारी केतकी आणि निरंजन हे नवरा-बायको आले. वेगळे व्हायचे दोघांनी ठरवलेच होते. अडले होते ते सात वर्षांच्या लेकीपाशी, शर्वीपाशी. ती प्रत्येकाला आपल्याकडेच हवी होती. इथे जमले नाही, तर न्यायाधीशांसमोर त्या लेकरालाच विचारले जाणार होते, बाळ, तुला कोण हवं?

वृद्ध वकील केतकीचे. निरंजनचे वकीलही आले होते. आरंभीच चौघांनी एका कागदावर सह्या केल्या: इथले बोलणे कोर्टात वापरायचे नाही, आणि प्रकरण लढायला गेलेच, तर या दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचे. शिष्येला नवल वाटले. हातचा पक्षकार आपणहून घालवायची ही कसली वकिली?

पहिला तास टोमण्यांतच गेला. याला पोरीची वेणीसुद्धा घालता येत नाही, असे केतकी म्हणाली. तुझ्या आईने कधी घालू दिली तर ना, असे तो म्हणाला.

मग एकाएकी निरंजनचा सूर बदलला. खाली बघत म्हणाला, "गेल्या महिन्यात मी तिला शाळेतून आणायला विसरलो. शिपायाजवळ बसून होती बिचारी. मला एकट्याला नाही जमायचं. पण ती मला विसरेल, याची भीती वाटते."

शिष्येने सवयीने ते झटकन लिहून घेतले. वृद्ध वकिलांनी तिचा कागद ओढला आणि ती ओळ सर्वांदेखत खोडून टाकली.

केतकी त्या कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताप आला की ती याच्याच कुशीत झोपते. माझ्याकडे येतच नाही. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं."

सगळे गेल्यावर शिष्या म्हणाली, "सर, त्या एका वाक्यावर आपण जिंकलो असतो."

"अगं, ते त्यानं आपल्यावर विसंबून सांगितलं," वकील म्हणाले. "तू उपास करतेस ना? जेवणाचं ताट जवळ झाकून ठेवलं, तर दिवसभर मन तिथेच घुटमळतं. म्हणून काय सोडायचं ते आपण संकल्पातच बोलून टाकतो. आपण आधी सही करून खटला सोडला, तेव्हा कुठे त्यांना हट्ट सोडता आला."



पुढच्या बैठकीत शर्वीने कुठल्या वारी कुणाकडे राहायचे ते ठरले. ती आजारी पडली तर दुसऱ्यानेही तिच्याजवळ येऊन राहायचे, हे केतकीनेच लिहायला लावले.

घरात कुणी विश्वासाने सांगितलेली स्वतःची उणीव भांडणात पुन्हा काढायची नाही, एवढे व्रत आपणही धरून पाहावे.