उलटी दप्तरं

एकदा एका गावात पारावर पैज लागली. लावणारे शहाणे होते, घेणारा गेनू होता.

"खाणीवरच्या शाळेतली नवी दप्तरं आबांनी विकली म्हणतात. दम असेल तर पकडून दाखव!"

"नाही पकडलं तर मिशी उतरवतो!" मिशी अजून उगवायची होती, ही गोष्ट वेगळी.

आबा म्हणजे दगडखाणीवरच्या मजुरांच्या पोरांना फुकट शिकवणारे म्हातारे गुरुजी. गेनूनंही बाराखडी त्यांच्यापाशीच गिरवलेली. शाळा चालायची धनपालशेठच्या दानावर. यंदा शेठनं दप्तरं दिली, वर ठसठशीत अक्षरं: 'गरीब मुलांस धनपालशेठकडून दान'. आता त्यातलं एक दिसेल तर शपथ! पोरांच्या पाठीवर साधी काळी दप्तरं. शेठ गावभर सांगत सुटले, "माझा माल गेला कुठं ते कळू दे, नाहीतर यापुढं खडूसुद्धा देणार नाही." म्हणजे शाळेला टाळंच.

गेनूनं पाळत ठेवली. भर दुपारी म्हातारा दार लोटून बसतो कशाला? चाहूल लागली की हातातलं लपवतो कशाला? फटीतनं बघतो तर आबा दाभणानं दप्तराचे बंद उसवतायत! गेनू पळत जाऊन शेठनाच घेऊन आला.

"बघा, सापडला चोर!"

आबा हसले. "चोराचं नंतर बघू. आधी हे शिवून झालेलं दप्तर उलटव, गेन्या."

उलटवलं. आतल्या अंगाला शेठचं नाव!

शेठ तापले. "आबा, माझं नाव आत कोंबलंत?"

"नाव नाही शेठ, त्याच्या आधीचा 'गरीब' शब्द कोंबला. तुम्ही दिलंत ते मनापासून. पण दप्तर असतं पाठीवर, ते वाचतो मागनं येणारा. बाजारात कुणीतरी रोज मोठ्यानं वाचायचं, 'ए गरीब मुलं, ए दान!' आमची रखमी नुकतीच वाचायला शिकली. पहिलं काय वाचलं, तर स्वतःच्या पाठीवरचं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. तुम्हाला लागेल म्हणून बोललो नाही, गुपचूप उलटी करून शिवत बसलो. दान असं असावं शेठ, की घेणाऱ्याला पाठ लपवावी लागू नये."

शेठ बराच वेळ त्या अक्षरांवरनं बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण मोठ्यानं वाचणारा तो टवाळ कोण?"

आबा दाभणात दोरा ओवत राहिले. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

गेनूला दार जवळ होतं. पाय मात्र उचलेना.

"मी, शेठ," तो म्हणाला. "रखमीच्या घरी जातो आत्ता. तिच्या आईसमोर सांगतो, मीच होतो."