रामलिंगबुवांचा लॅपटॉप

"…आणि वर्षभरात बंद पडला तर, बुवा?"

रामलिंगबुवा परातीत कणीक मळत होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची, लिंबाएवढी. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण बंद पडला तर?"

"लॅपटॉप."

"आणलास?"

"अजून नाही."

"मंग बंद कसा पडंल?"



निशिकांत तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि बुवांकडे पखवाज शिकायचा. कुणाच्या मुलीनं कुठला लॅपटॉप घ्यावा हे निम्म्या गावाला त्यानंच सांगितलं होतं, तेही उभ्याउभ्या, चहा निवायच्या आत. आपल्याइतकं यातलं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, असा त्याचा पक्का समज होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र तीन महिने झाले तरी गाडं जागचं हललं नव्हतं.

कारणही तसंच होतं. बुवांचं वय ब्याऐंशी. त्यांच्या गुरूंनी बांधलेल्या सव्वाशे परणी, म्हणजे पखवाजावर वाजवायच्या लांबलचक रचना, आता एकट्या बुवांच्या तोंडात उरल्या होत्या. एक जुनं बाड होतं, ते वाळवीनं खाल्लं. ते ठेवलेली पेटी उघडली तेव्हा निशिकांत शेजारीच उभा होता. पानांच्या जागी भुसा निघाला. त्या दिवसापासून त्यानं कागदाची धास्तीच घेतली.

मोबाइलवर आवाज भरून पाहिला. पण बुवांचे दात गेलेले. ‘तिट’ म्हणाले की ‘किट’, हे पुन्हा विचारल्याशिवाय कळत नसे. एकेक अक्षर विचारून लिहायला हवं होतं. कॉलेजातला कॉम्प्युटर टेबलावरून हलत नव्हता आणि बुवा देवळाची ओवरी सोडत नव्हते. तेव्हा लिहायचं ते एकदाच, नीट, आपल्या स्वतःच्या चांगल्या मशीनवर, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आणि बुवा विसरायला लागले होते. दोघांनाही ते माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"कागद आणलायस न्हवं? काढ."

निशिकांतनं खिशातून घडी काढली. बजेटात बसणारे तीन लॅपटॉप, बावीस रकाने, तीन रंगांची शाई. आदल्या आठवड्यात रकाने एकोणीस होते.

"मला दिसत न्हाई एवढं बारीक," बुवा म्हणाले. "कुणाला काय येत न्हाई, ते सांग."

"आधी काय येतं ते सांगतो ना."

"ते दुकानदार सांगंल."

निशिकांतनं घडी उलगडली. "पहिल्याचा पडदा फार सुंदर आहे. पण बॅटरी तीन तासांत मान टाकते. दुसऱ्याची बॅटरी टिकते. पण त्याची मेमरी आतच चिकटवलेली, पुढं वाढवता येत नाही, आणि बिजागरी इतकी कच्ची की उघडताना छातीत धस्स होतं. तिसऱ्याच्या कळा चांगल्या. टायपिंगला हात बसतो, मेमरीही वाढवता येते. पण पडदा अगदीच फिका."

"मंग?"

"मग काय, बुवा! कुठलाही घ्या, काहीतरी सोडावंच लागतं. मला भीती वाटते. चुकीचा घेतला आणि अर्ध्यावर दगा दिला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

बुवांनी कणकेचा गोळा चामड्यावर थापला. बोटानं पाणी फिरवलं आणि एक थाप दिली. ओवरीत खोल आवाज घुमला.

"ही किती टिकंल?"

"तास… दीड तास. मग वाळते."

"मंग?"

"खरवडायची. पुन्हा नवी लावायची."

"साठ वर्सं लावतोय," बुवा म्हणाले. "एकदाबी टिकली न्हाई."

निशिकांतला हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

"आता त्याच कागदावर माझं लिही. डावा कान, न्हाई. गुडघं, न्हाई. दात, न्हाई…"

"बुवा, नको."

"आजून हाय की. लिही."

पेन जागचं हललं नाही.

"माझ्याकडं शिकाया आलास, तवा तक्ता केलतास का रं?"

"…नाही."

"वाचलो म्हणायचं," बुवा म्हणाले, आणि पखवाज बाजूला सरकवला. "चल, ताल धर. चौताल."

त्यांच्याकडची एक रीत होती. गुरू परण म्हणायला लागला की शिष्यानं हातावर ताल धरायचा, आणि गुरू परण संपवून समेवर येईपर्यंत काही झालं तरी हात थांबवायचा नाही. शिंक आली तरी नाही. एकदा ओवरीत साप निघाला होता, तरी निशिकांतचा हात चालू राहिला होता. ते तो मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगायचा.

"धागे तिट तागे तिट," बुवांनी सुरुवात केली. "क्रधे तिट धागे तिट, कत तिट ता…"

निशिकांतनं ती ओळखली. चैत्रात एकदाच ऐकली होती. मोठी होती, आठ आवर्तनांची. तिसऱ्या आवर्तनात एक वळण यायचं, तिथं त्याच्या अंगावर काटा आला होता.

तिसरं आवर्तन आलं.

"तागे तिट…"

बुवा थांबले.

निशिकांतचा हात चालू होता. टाळी. खाली. टाळी. खाली. टाळी. टाळी.

बुवांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

एक आवर्तन रिकामं गेलं. मग दुसरं. देवळात दुसरा कसलाच आवाज नव्हता, फक्त त्याच्या तळहाताचा. हात थांबवला तर परण संपली असं होईल, आणि चालू ठेवला तर हे असंच ऐकत बसावं लागेल. तो इतका घाबरला होता की त्याला बुवांकडे बघवेना. जन्मात कुठल्या सापाला तो एवढा घाबरला नव्हता.

टाळी. खाली. टाळी…

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"गेली," ते म्हणाले.

"चैत्रात तुम्ही अख्खी म्हणाला होता, बुवा." निशिकांत म्हणाला. "मी… मी म्हणालो होतो, लॅपटॉप आला की लिहून घेतो…"

"व्हय. तेवढं आठवतंय मला."

…

निशिकांतनं तक्ता उलटा केला. बावीस रकाने खाली गेले. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहायला लागला. "धागे तिट, तागे तिट. पुढं क्रधे, की क्रधा?"

"क्रधे."

अक्षर वाकडं येत होतं. अडीच आवर्तनं झाली आणि पेन थांबलं.

"राहिलेल्या जागी काय लिहू?"

"मात्रा मोकळ्या सोड. शेवटाला सम लिही."

त्यानं मोकळी घरं आखली. ती पुष्कळ होती. एकेक आखताना डोळ्यांपुढचा कागद धूसर व्हायला लागला, तरी त्यानं मोजणी चुकू दिली नाही. शेवटच्या घरापुढं त्यानं समेचा ‘धा’ लिहिला.

मग बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "तिसरा घेतो. तालुक्याला मिळतो. उद्या सकाळी घेऊन येतो."

"त्यात काय न्हाई म्हणलास?"

"पडदा फिका आहे, बुवा. उन्हात अक्षर दिसणार नाही."

ऊन ओवरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि आपली घोंगडी भिंतीकडे ओढून घेतली.

"मंग सावलीत बसू," ते म्हणाले. "सावली हाय तवर."