वैद्यबुवांचा पहिला घोट

ही गोष्ट लहान मुलांना सांगायची नाही, असं आईने मला बजावलं आहे, कारण हिचा शेवट वाईट आहे. तरी सांगते.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारे वैद्य राहत. त्यांची एक रीत होती. कुणालाही काढा देण्याआधी त्या वाटीतला पहिला घोट ते स्वतः घेत, डोळे मिटून क्षणभर थांबत, उपरण्याने ओठ पुसत आणि मग म्हणत, “घे बाळ, आता तू.”

वैद्यांचा एक शिष्य होता. गुरूंवर त्याची फार भक्ती. तो त्यांच्यासारखाच किंचित वाकून चाले, नाडी बघताना त्यांच्यासारखाच गुणगुणे. बायका कौतुकाने म्हणत, “पाठमोरा दिसला की बुवाच वाटतो हो!” ते ऐकून त्याचा दिवस छान जाई.

एकदा गुरूंनी घोट घेतला आणि काढ्याचं अख्खं भांडं मोरीत ओतून दिलं. शिष्याला वाटलं, म्हातारपणाची लहर. त्याने कारण विचारलं नाही.

पुढे गुरू गेले आणि गाव शिष्याच्या ओसरीवर येऊ लागलं. आता पहिला घोट त्याला घ्यायचा होता. काढा जहाल कडू. दुपारपर्यंत पोटात ढवळून येई, जेवण नकोसं होई. त्याने विचार केला, बुवा घोट घेत ते रोग्याला धीर यावा म्हणून. धीर तर नुसतं बघूनही येतो. मग तो वाटी फक्त ओठांना लावू लागला. डोळे मिटणं, थांबणं, ओठ पुसणं, सगळं हुबेहूब. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

त्या थंडीत तापाची साथ आली. एक कासारीण आपल्या लेकीला उचलून घेऊन आली. पोर आईच्या मांडीवर मान टाकून पडली होती.

“बुवा, अन्नाला शिवत नाही हो.”

“उद्या तुझ्या शेजारी बसून बांगड्या विकेल, बघ,” शिष्य अगदी गुरूंच्या आवाजात म्हणाला. त्याने वाटी ओठांना लावली, डोळे मिटले, ओठ पुसले. “घे बाळ, आता तू.”

पोरीने तोंड फिरवलं. “आई, हे प्यायलेच नाहीत. यांचा गळा हललाच नाही.”

मांडीवरून, खालून बघत होती म्हणून तिला ते दिसलं.

शिष्याचे कान तापले. अजूनही खरा घोट घेता आला असता. पण ओसरीभर माणसं बसली होती. पुन्हा वाटी उचलायची म्हणजे पोर खरं बोलली, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. तो हसला. “तापात पोरं काहीही बरळतात.”

“गप गं!” कासारीण म्हणाली. “मोठ्यांना असं बोलतात? पी मुकाट्याने.”

पोर प्यायली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

शिष्याने उरलेल्या काढ्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जिभेला मुंग्या आल्या. मुळ्यांच्या टोपलीत त्या खेपेला विषारी मुळी मिसळली होती. वाळल्यावर दोन्ही सारख्याच दिसत. गुरू डोळे मिटून कशाची वाट बघत, हे त्याला तेव्हा कळलं.

गावाने त्याला बोल लावला नाही. “तुम्ही तर आधी स्वतः प्यायलात, बुवा. तिचं आयुष्यच तेवढं.”

सुतक फिटल्यावर कासारीण एकटीच आली.

“ती खरं बोलत होती ना?”

शिष्याने मान खाली घातली.

“आणि तुमचे गुरू? ते तरी पीत होते का?”

“पीत होते गं बाई! प्रत्येक वेळी. शपथ घेऊन सांगतो.”

“ते प्यायचे तेव्हाही असंच दिसायचं,” ती म्हणाली आणि निघून गेली.

तिच्या तोंडून ते गावभर झालं. तेव्हापासून त्या ओसरीवर कुणी आलं नाही. आणि ज्या म्हाताऱ्या वैद्यांचं नाव घेताना गाव हात जोडत असे, त्यांचं नावही लोक टाळू लागले.

तात्पर्य: ज्याच्यासारखं व्हायचं, तो काय करतो हे बघून थांबू नये, का करतो तेही विचारावं. नाहीतर आपल्यापायी त्याचंही खरं खोटं ठरतं. आणि मला वाटतं, त्या आईने पोरीला गप्प केलं नसतं, तर... हो, आले आई, आले!