कडुनिंबाखालची पंगत

प्रवरेच्या काठी कुरणवाडी नावाच्या वस्तीत शांतवनबाबांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. बाबा भगव्या कफनीतले ख्रिस्तभक्त. वस्तीतल्या ख्रिस्ती देवळाच्या पडवीत राहत, कोणी देईल ती भाकरी खात, आणि नाही मिळाली तर आज उपवासच होता असं सांगत.

सुगी झाली की हंगामाच्या सणाला वस्तीतली सगळी ख्रिस्ती मंडळी देवळात एका पंगतीला जेवायची. त्या वर्षी सणाच्या तोंडावर शहरातून ब्रदर प्रभुदीप नावाचे उपदेशक आले. आवाज खणखणीत, शर्टाला कडक इस्त्री. शिकवण अगदी सोपी: ज्याचा विश्वास खरा त्याला आजार नाही, आणि ज्याच्या घरी आजार त्याच्या घरी दडवलेलं पाप. मंडळीचे पंच एलिया शिनगारे यांना ती फार पटली. सोपा हिशोब माणसाला पटतोच, विशेषतः बाकी दुसऱ्याच्या नावावर निघत असेल तर. एलियाजी तसे करारी. प्रार्थनेला सगळे गुडघे टेकत, हे मात्र उभे. “प्रभूसमोर माणसानं ताठ असावं,” म्हणत.

झळ लागली मार्थाबाई ओहोळ यांना. बाई विधवा, मजुरी करून पोट भरणारी. मुलगी रिबका हिला फिट यायची. ब्रदरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि पुढच्याच सभेत पोरीला फिट आली. निवाडा झाला: आईनं पाप कबूल करेपर्यंत मायलेकींनी पंगतीला बसायचं नाही, दवाखान्याच्या गोळ्याही फेकून द्यायच्या.

“मार्थाबाई, पोटात काय दडवलंय ते टाका ओकून,” एलियाजी चारचौघांत म्हणाले. “भोळा चेहरा आम्हाला नका दाखवू.”

सणाच्या आदल्या दिवशी मार्थाबाई पडवीत बाबांजवळ येऊन बसल्या.

“बाबा, कंचं पाप सांगू?”

“केलंत कोणतं?”

“त्येच तर आठवंना. शेजारच्या सोनाबाईच्या कोंबडीला एकदा धोंडा मारला व्हता. पन तेवढ्यानं काय पोरीला फिट येती? म्हनून म्हनलं, जरा मोठं सांगावं. चोरी सांगू का? मंग घेत्याल ना पोरीला पंगतीत?”

बाबांना हसू आलं आणि डोळेही भरले. ते म्हणाले, “बाई, आपल्या प्रभूच्या शिष्यांनीही एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूनं दोघांनाही दोषातून मोकळं केलं.”

“पन ब्रदर बी प्रभूचंच नाव घेत्यात की.”

“नाव कोणीही घेईल. प्रभू काय बोलले आणि कसे वागले, त्याच्याशी ताडून पाहायचं. उद्या भाकरी बांधून आणा, देवळासमोरच्या कडुनिंबाखाली बसा. आणि पोरीची गोळी चुकवू नका.”

दुसऱ्या दिवशी उपासना संपली. मटणाचं पातेलं देवळात येताच बाबा उठले.

“ब्रदर, नियम सगळ्यांना सारखाच ना?”

“तसूभरही फरक नाही.”

“मग मी निघतो. मला दमा आहे.”

बाबा बाहेर गेले आणि कडुनिंबाखाली मायलेकींच्या शेजारी मांडी घालून बसले. आत चुळबुळ सुरू झाली.

“चष्मा चालंल का, ब्रदर?” म्हाताऱ्या दाविदमामांनी विचारलं.

ब्रदर अडकले. पण शब्द दिलेला! “डोळे अधू म्हणजे आजारच,” ते म्हणाले. मामा उठले. त्यांच्यामागे मधुमेहवाले, कंबरवाले, घरी खोकलेकरी पोर असलेले. मटणाकडे वळून पाहत एकेक जण बाहेर पडला. आत उरले ब्रदर, एलियाजी आणि भरलेलं पातेलं.

बाहेर मार्थाबाईंच्या दुरडीत भाकरी होत्या चार. एवढी माणसं पाहून बाईंचं तोंड उतरलं. बाबांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, “मार्थाबाई, फडकं काढू नका. हात घाला आणि वाढत राहा.”

बाई वाढत गेल्या. फडक्याखालून भाकरी येतच राहिली, तव्यावरून उतरल्यासारखी गरम. पंगत भरली, लोक जेवले, दाविदमामांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. काय घडतंय हे सगळ्यांना कळत होतं.

आत ब्रदरांना शिंक आली. एक, मग दुसरी. त्यांनी रुमाल काढला. एलियाजी नुसते पाहत राहिले. बाबांनी बाहेरून हाक दिली, “या ब्रदर, इथे शिंकणाऱ्यालाही जागा आहे.” ब्रदर आले नाहीत. पिशवी उचलून खालमानेनं रस्त्याला लागले. मार्थाबाईंनी त्यांच्यामागून एक भाकरी पाठवली. ती मात्र त्यांनी घेतली.

मग एलियाजी बाहेर आले. बाबांच्या पाया पडायला वाकले आणि अर्ध्यावरच अडकले.

“काय झालं?”

“गुडघा,” एलियाजी पुटपुटले. “लई वर्षं झाली, बाबा. टेकवत नाही, म्हणून उभा राहतो. कोणाला सांगितलं नाही.”

बाबांनी पाय मागे घेतले. “माझ्यापुढे नको. जिला पंगतीतून उठवलंत, तिच्यापुढे.”

एलियाजी रिबकाकडे वळले, पण त्यांना खाली जाता येईना. पोर उठली आणि जवळ येऊन उभी राहिली.

“काका, खांद्याला धरा. सावकाश.”

एलियाजींनी तिच्या खांद्यावर भार टाकला आणि कण्हत, हळूहळू, गुडघा जमिनीला टेकवला.