शिंजिराचं पीस आणि खंडेनवमीचा हार

गावाच्या टोकाला एक वस्तुसंग्रहालय होतं. म्हणजे जुन्या जुन्या वस्तूंचं घर. तिथे उजेड थोडा, धूळ फार. आणि माणसं? दोनच. एक टिपणीस साहेब, एक झाडणाऱ्या कोंडामावशी. बघायला कुणी येत नसे.

तिथे एका काचेच्या कपाटात एक शिंजीर होता. अंगठ्याएवढा पक्षी. जांभळा जांभळा. पोटात पेंढा भरलेला. खरं तर तो हलायचा नाही. पण हलला. कसा, ते मला विचारू नका. मी सांगितलं तर तुम्ही हसाल.

शेजारच्या फांदीवर पूर्वी एक पोपट होता. त्याचं एक पीस गेलं. मग दुसरं गेलं. मग सगळी गेली. मग पोपटही गेला. आता नुसती फांदी.

एके दिवशी शिंजिराने मागे वळून पाहिलं. शेपटीतलं एक पीस नाही!

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

कोण खातंय? एक किडा. बुटका, केसाळ किडा. काचेला होती फट. फटीतून आला, पीस घेऊन गेला. कुठे गेला? समोरच्या तलवारीवर. तलवारीला होता झेंडूचा हार. वाळून काळा पडलेला. हारात किड्याचं घर.

शिंजीर फटीतून बाहेर आला. टुप टुप टुप. पोटात पेंढा, खुसुर खुसुर.

"किड्या, किड्या, माझं पीस सोड."

"नाही सोडत, जा! आज एक पीस खातो. उद्या दुसरं खातो. माझं घर हारात. हार सुटला तर पीस सोडीन."

शिंजीर रडला. डोळे काचेचे, पाणी येईना. तसाच रडला. मग गेला हाराकडे. टुप टुप टुप. खुसुर खुसुर.

"हारा, हारा, सुट.
किडा पीस सोडत नाही.
बघ ना, मी झालो भुंडा!"

हार म्हणाला, "मी कसा सुटू? तलवारीच्या मुठीत अडकलोय. तलवार हलली तर सुटेन."

शिंजीर गेला तलवारीकडे. टुप टुप टुप. खुसुर खुसुर.

"तलवारी, तलवारी, हल.
हार सुटत नाही,
किडा पीस सोडत नाही.
बघ ना, मी झालो भुंडा!"

तलवार म्हणाली, "हट्! मी शूर तलवार. मी आपणहून हलत नाही. मावशीने उचललं तर हलेन."

शिंजीर गेला मावशीकडे. टुप टुप टुप. खुसुर खुसुर. मावशी पायरीवर बसून पाय चोळत होत्या.

"मावशी, मावशी, तलवार उचल.
तलवार हलत नाही,
हार सुटत नाही,
किडा पीस सोडत नाही.
बघ ना, मी झालो भुंडा!"

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "तू रे कुठं निघालास? पडशील ना! आणि तो हार खंडेनवमीचा. साहेबांनी तलवारीची पूजा केली, तेव्हा घातलेला. देवाचं फूल मी आपल्या मनानं कसं काढू? नाही रे बाबा. साहेब म्हणाले तर उचलेन."

शिंजीर गेला साहेबांकडे. टुप टुप टुप. खुसुर खुसुर. साहेब खुर्चीत. चहा गार. टेबलावर कागदच कागद.

"साहेब, साहेब, मावशीला सांगा.
मावशी तलवार उचलत नाही,
तलवार हलत नाही,
हार सुटत नाही,
किडा पीस सोडत नाही.
बघा ना, मी झालो भुंडा!"

साहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "किडा? माझ्या संग्रहालयात? छे! इथे सगळं कसं लख्ख आहे. धूळसुद्धा नाही. धूळ नाकात गेली तर उठेन. मग बघेन."

धूळ नाही म्हणे! साहेबांच्या डोक्यावरच कपाट होतं. कपाटावर धूळ होती. गादीएवढी.

शिंजीर चढला कपाटावर. टुप टुप टुप. खुसुर खुसुर. दमला बिचारा.

"धुळीबाई, धुळीबाई, उड.
साहेब उठत नाहीत,
मावशी तलवार उचलत नाही,
तलवार हलत नाही,
हार सुटत नाही,
किडा पीस सोडत नाही.
बघ ना, मी झालो भुंडा!"

धुळीने जांभई दिली. "मला कुणी उठवतच नाही. तू पंख फडफडव. मग उडेन."

शिंजिराने आपल्या पंखांकडे पाहिलं.

त्याचे पंख दोऱ्याने शिवलेले. जुना जुना दोरा. फडफडले तर? दोरा तुटेल. आणखी पिसं गळतील. कदाचित सगळीच.

आता कुणाकडे जाणार? कुणीच उरलं नव्हतं.

खाली आवाज येत होता. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

शिंजिराने डोळे मिटले. म्हणजे मिटले असते. काचेचे ना!

फड्! दोरा तुटला.
फड् फड्! एक पीस गळलं.
फड् फड् फड्! पोटातला पेंढा बाहेर डोकावला.

आणि धूळ उडाली. भुर्रर्र! साहेबांच्या नाकात गेली.

"आं... आं... आंऽऽक्छी!"

चष्मा मिशीवर. चहा कागदांवर. साहेब ताडकन उठले.

"कोंडाबाई! अहो, ही धूळ कुठली? आणि तो किडा कुठला?"

"हारातला, साहेब. खंडेनवमीच्या हारातला. दसरा झाला, दिवाळी झाली, संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला. हार तिथंच."

"मग काढला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाला नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही काढाल."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल."

साहेबांनी चष्मा नाकावर चढवला. मग साहेब म्हणाले, "काढा हो. काढा."

साहेब उठले,
मावशीने हात जोडले, तलवार उचलली,
तलवार हलली, खण्ण!
हार सुटला, भुरू भुरू,
किडा पडला, टप्प!
किड्याने पीस सोडलं.

मावशीने हार कागदात घेतला. किडाही घेतला. बाहेर चाफ्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. फुलं मातीत गेली. आणि किडा?

चाफ्याखाली एक कोंबडी होती.

टुच्च.

मावशीने सगळं कपाट पुसलं. फटीत कापडाची पट्टी भरली. साहेबांनी शिंजिराला तळहातावर घेतलं. पेंढा आत ढकलला. गळलेलं पीस खोचलं. पंख शिवला, जरा तिरका. मग शेपटीचं पीस हातात धरलं.

पीस अर्धंच होतं. अर्धं किड्याने खाल्लं होतं.

"एवढंच उरलं रे," साहेब हळूच म्हणाले. "उशीर केला मी."

शिंजीर म्हणाला, "एवढंच लावा."

साहेबांनी डिंक लावला. पीस चिकटवलं. आता शेपटी वाकडी आहे. पण आहे. शिंजीर भुंडा नाही.

पीस गेलं शिंजिराकडे, गोष्ट आली तुमच्याकडे. आता डोळे मिटा बघू. तुमचे तर मिटतात!