लिपिकाची भाषा

तपासनीस सरदेशमुखसाहेब पालिकेच्या शाळेत आले, की वर्गात आधी त्यांचा आवाज शिरायचा.

"बनसोडेबाई, नाना मुलखांची पोरं एकत्र कोंबलीत! मध्ये भिंत घाला, ओडिया आणि मराठी असे दोन वर्ग करा."

"तुम्हीच निवडा मुलं, साहेब," बाई म्हणाल्या.

"ओडिया बोलणारे, उभे राहा!"

दुसरीचा अख्खा वर्ग उभा राहिला.

"चेष्टा करता?"

"नाही सर," पहिल्या बाकावरची मेहजबीन म्हणाली. "लिपिका नवी आली तेव्हा सारखी रडायची. तिची समजूत तिच्याच भाषेत काढायला हवी ना? म्हणून शिकलो आम्ही."

साहेबांचा आवाज जरा खाली आला. "बरं, बसा. आता मराठी बोलणारे?"

सगळ्यांच्या आधी लिपिका उठली.

बाईंनी हळूच विचारलं, "भिंत कुठून घालू, साहेब?"